आपोआप सांधणाऱ्या घन इलेक्ट्रोलाइटची लवचिक लिथियम बॅटरी: कामाच्या नोंदी

४ जानेवारी – मोनोमर

वाकवता येईल असा पाउच सेल (मऊ पिशवीत बंद केलेली चपटी बॅटरी) करायचा आहे. एका बाजूला लिथियम धातूचं फॉइल, दुसऱ्या बाजूला लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि मधे घन इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियम आयन वाहून नेणारी आणि चीर पडली तर स्वतः सांधणारी पॉलिमरची फिल्म. सांधण्यासाठी यूपाय (युरिडोपिरिमिडिनोन) हा रासायनिक गट निवडला. बर्ट मायर यांच्या गटाने आइंधोवनला १९९७ साली दाखवलेली चार हायड्रोजन बंधांची जोडी ती हीच. डायसल्फाइड बंधही सांधतात आणि करायला सोपे आहेत, पण लिथियमपुढे सल्फर-सल्फर बंध सुमारे २ व्होल्टच्या आसपासच रिड्यूस होऊन (इलेक्ट्रॉन घेऊन) तुटतो. जो बंध लिथियमला टेकताच संपणार, त्याच्यावर इलेक्ट्रोलाइट उभा करण्यात अर्थ नाही.

यूपाय मेथॅक्रिलेट, म्हणजे पॉलिमरच्या साखळीत यूपाय आणणारा मोनोमर (साखळीचा सुटा घटक), विकत न घेता प्रयोगशाळेतच केलं. २-अमिनो-४-हायड्रॉक्सी-६-मिथाइलपिरिमिडीन २.० ग्रॅम (१६ मिलिमोल), डीएमएसओ (द्रावक) २५ मिली, तेलाच्या बाथवर १७० अंश सेल्सिअस. पावडर विरघळायला पाचेक मिनिटं लागतात. विरघळली की बाथ लगेच काढायचा, ढवळत २-आयसोसायनाटोइथाइल मेथॅक्रिलेट २.६ ग्रॅम (१६.८ मिलिमोल) घालायचं आणि फ्लास्क पाण्याच्या बाथमध्ये बुडवायचा. पांढरा साका खाली बसतो. गरम द्रावण रेंगाळत ठेवलं तर मेथॅक्रिलेट तिथेच पॉलिमराइज होतं आणि मग तो गोळा कशातच विरघळत नाही. साका ॲसिटोनने भरपूर धुवायचा, कारण डीएमएसओ सहजी सुटत नाही. पूर्ण उतारा ४.४८ ग्रॅम असायला हवा, गाळण्या-धुण्यात थोडा जातोच.

आयसोसायनेट श्वासातून अतिशय घातक आहे. फ्यूम हूडच्या बाहेर बाटली उघडू नये, वापरलेली सिरिंजही हूडमध्येच इथेनॉलने निवळू द्यावी.

९ जानेवारी – पॉलिमर जेल झाला

दुसरा मोनोमर पेग्मा, म्हणजे पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) शेपटी असलेलं मेथॅक्रिलेट, सरासरी रेणुभार ५००, म्हणजे शेपटीत साधारण ९ इथिलीन ऑक्साइड एकक. आधी बेसिक ॲल्युमिनाच्या कॉलममधून काढून त्यातले इनहिबिटर (पॉलिमर होणं रोखणारे पदार्थ) घालवले.

कृती: पेग्मा ४.५ ग्रॅम (९ मिलिमोल), यूपाय मेथॅक्रिलेट ०.२८ ग्रॅम (१ मिलिमोल), एआयबीएन (साखळी सुरू करणारा पदार्थ) १६ मिलिग्रॅम, डीएमएफ (द्रावक) १० मिली, नायट्रोजन, ७० अंश, रात्रभर. सकाळी फ्लास्क उलटा केला तरी काही हललं नाही. सगळं जेल.

कारणं दोन. विकतच्या पेग्मात डायमेथॅक्रिलेटचा अंश असतो आणि तो साखळ्या एकमेकींना बांधतो. शिवाय वाढणारी साखळी पेगच्या शेपटीवरून हायड्रोजन ओढते आणि फांद्या फुटतात. द्रावण दाट आणि मोनोमरचं पॉलिमरमध्ये रूपांतरण पूर्ण होत आलेलं असलं की दोन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. जेल फेकण्यावाचून इलाज नाही, ते पुन्हा द्रावणात आणता येत नाही. महागडा मोनोमर त्यातच गेला.

१२ जानेवारी – दुरुस्त कृती

डीएमएफ २० मिली केलं. डोडेकेनथायॉल मोनोमरच्या ०.५ मोल टक्के घातलं, म्हणजे साखळ्या फार लांब होत नाहीत. आणखी एक: यूपाय मेथॅक्रिलेट थंड डीएमएफमध्ये पुरतं विरघळत नाही. आधी ५० अंशांवर द्रावण स्वच्छ करून घ्यायचं, मग अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे, मगच एआयबीएन. थंडीतच सुरुवात केली तर यूपाय तळाशी राहतो आणि साखळीत त्याचं प्रमाण भलतंच येतं. दर दोन तासांनी नमुना काढून एनएमआर (रेणूंची ओळख पटवणारा वर्णपट) पाहिला. मेथॅक्रिलेटची शिखरं ५.६ आणि ६.१ पीपीएमला दिसतात. ८० टक्क्यांच्या आसपास रूपांतरण झालं की फ्लास्क बर्फात ठेवून हवा आत सोडायची.

यूपाय १० मोल टक्क्यांच्या वर नेला नाही. युरियाचा एन-एच लिथियमला सोसत नाही, आणि जास्त यूपायने फिल्म कडक होऊन वाहकता पडते.

१५ जानेवारी – डीएमएफ घालवणं

या पायरीला कंटाळून चालत नाही. पॉलिमर थंड डायइथाइल ईथरमध्ये टाकला की चिकट गोळा तळाला बसतो. तो थोड्या टीएचएफमध्ये (सहज उडणारा द्रावक) विरघळवून पुन्हा ईथर, असं तीनदा. एकदाच केलं तर ८.०, २.९६ आणि २.८८ पीपीएमला डीएमएफची शिखरं ठळक उरतात. उरलेला मोनोमर हट्टी असतो, तो ईथरने गेला नाही तर डायलिसिस करावं.

सगळं डीएमएफ लिथियमचं मीठ घालण्याच्या आधी गेलं पाहिजे. एकदा लिथियम आयन आत आले की ते डीएमएफला धरून बसतात आणि मग ८० अंश व व्हॅक्यूमही पुरत नाही. असा उरलेला द्रावक वाहकतेचा आकडा छान फुगवतो आणि नंतर लिथियमवर कुजतो. या क्षेत्रात चकित करणारी वाहकता दिसली की सर्वात आधी उष्माभार आलेख (तापवताना वजन किती घटतं त्याचा) मागावा. १५० अंशांच्या खाली १ टक्क्याहून जास्त वजन घटत असेल तर ती फिल्म घन नाही, ओली आहे.

२० जानेवारी – मीठ आणि ओतकाम

लिथियम टीएफएसआय (वापरायचं लिथियमचं मीठ) १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये २४ तास वाळवलं. हे मीठ हवेत तोलताना डोळ्यांदेखत ओलं होतं, म्हणून पुढचं सगळं आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये. नायट्रोजनचा बॉक्स चालत नाही, लिथियम त्याच्याशी हळूहळू नायट्राइड करतं.

इथिलीन ऑक्साइड आणि लिथियमचं प्रमाण २०:१ धरलं. हिशोब: ४.७८ ग्रॅम पॉलिमरमध्ये ८१ मिलिमोल इथिलीन ऑक्साइड, म्हणून ४.०५ मिलिमोल लिथियम, म्हणजे मीठ १.१६ ग्रॅम. दर ग्रॅम पॉलिमरला ०.२४ ग्रॅम. ओतण्यासाठी निर्जल टीएचएफ घेतलं, कारण त्याचा अंश उरला तरी लिथियमला तो ॲसिटोनायट्राइल किंवा डीएमएफइतका बाधत नाही.

६ सेंमी व्यासाच्या टेफ्लॉन ताटलीत १०० मायक्रोमीटरची फिल्म हवी तर ०.२७ ग्रॅम पॉलिमर आणि ०.०६६ ग्रॅम मीठ पुरतं (घनता १.२ धरून). पहिली ताटली थेट ६० अंशांच्या व्हॅक्यूममध्ये गेली आणि फिल्म फोडांनी भरली. टीएचएफ ६६ अंशांवर उकळतं, व्हॅक्यूममध्ये तर खोलीच्या तापमानालाच. आता ताटलीवर अर्धवट झाकण ठेवून रात्रभर आपोआप सुकू द्यायचं, मग हळूहळू व्हॅक्यूम, मग ६० अंशांवर २४ तास, शेवटी ८० वर काही तास.

ग्लोव्हबॉक्समध्ये टीएचएफ सुकवताना शुद्धीकरणाचं चक्र बंद ठेवावं आणि नंतर बॉक्स आर्गॉनने धुवून घ्यावा. वाफ प्युरिफायरमध्ये गेली की पाण्याचं आणि ऑक्सिजनचं रीडिंग कित्येक दिवस जागेवर येत नाही.

२७ जानेवारी – सांधण्याची चाचणी, आणि ती कशी फसवते

सुमारे ३०० मायक्रोमीटर जाड, ३० × १० मिमीच्या पट्ट्या. ब्लेडने मधोमध कापल्या, टोकं हलकेच भिडवली, ६० अंशांवर २ तास. मग ताण चाचणी, मिनिटाला ५० मिमी वेगाने.

बाकावर, उघड्या हवेत सांधलेल्या पट्ट्या सुरेख जुळल्या. ग्लोव्हबॉक्समध्ये त्याच पट्ट्या तितक्या वेळात कापलेल्या जागीच सुटल्या. फरक ओलाव्याचा. उघड्यावर ठेवलेली मीठ घातलेली फिल्म तासाभरात वजनाने वाढलेली तराजूवर सरळ दिसते. पाणी साखळ्या सैल करतं आणि काप भराभर भरतो. सेलच्या आत ते पाणी नसणार, त्यामुळे बाकावरचा निकाल बॅटरीबद्दल काहीच सांगत नाही. कोरड्या आर्गॉनमध्ये ६० अंशांवर १२ तास दिले तेव्हा पट्टी कापाच्या जागी न तुटता दुसरीकडे तुटू लागली. २५ अंशांवर फारच हळू.

दुसरा फसवा भाग चिकटपणाचा. यूपाय नसलेला निव्वळ पेग्माचा पॉलिमरही कापला की चिकटतो, कारण तो घट्ट मधासारखा वाहतो. म्हणून यूपाय नसलेला नमुना शेजारी ठेवायलाच हवा. तो आकार धरत नाही, यूपायवाला धरतो, आणि खरा फरक तिथे दिसतो. कापलेली पट्टी उचलून दाखवलेल्या छायाचित्राने हे कळत नाही.

मीठ घातल्यावर फिल्म मऊ होते, हेही ध्यानात ठेवावं. लिथियम आयन यूपायच्या कार्बोनिलला धरतात आणि काही जोड्या सुटतात. ताकदीचे आकडे मीठ घातलेल्या फिल्मचेच घ्यावेत.

३ फेब्रुवारी – वाहकता रोज वाढत होती

स्टीलच्या दोन चकत्यांमध्ये फिल्म, २०३२ कॉइन सेल (बटणासारखा गोल सेल), इम्पीडन्स (उलटसुलट प्रवाहाला होणारा रोध) मोजताना १० मिलिव्होल्ट, १ मेगाहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ. वाहकता म्हणजे जाडी भागिले (रोध गुणिले क्षेत्रफळ). ६० अंशांवर ठेवलेल्या सेलची वाहकता रोज थोडी वर जात होती. पॉलिमर सुधारत नव्हता. सेल उघडल्यावर १०० मायक्रोमीटरची फिल्म ६० च्या आसपास भरली आणि कडेने बाहेर पसरलेली दिसली. स्प्रिंगच्या दाबाखाली ती वाहत होती, आणि हिशोबात जाडी जुनीच धरली जात होती.

उपाय: १०० मायक्रोमीटर जाड पॉलिइमाइडची कडी, आतला व्यास १० मिमी. फिल्म कडीच्या आत, त्यामुळे जाडी आणि क्षेत्रफळ (०.७८५ चौ. सेंमी) दोन्ही बांधलेले. कडीसह २५ अंशांवर रोध ६४० ओहमच्या जवळ, म्हणजे २० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. ६० अंशांवर ८५ ओहम, म्हणजे १५०. तापमान बदलल्यावर किमान तासभर थांबून मगच माप घ्यावं.

या मापाने पुढच्या कामाची दिशा ठरली. ज्या वाहण्याने चीर भरते त्याच वाहण्याने फिल्म दबून पातळ होते. सांधणं वाढवलं की पसरणं वाढणारच. निव्वळ यूपायचं प्रमाण बदलून यातून सुटका नाही, आत न वाहणारा सांगाडा हवा.

१२ फेब्रुवारी – लिथियम-लिथियम सेल, सांगाड्याशिवाय

सांगाडा येईपर्यंत कडी घालून हे सेल केले, कारण तुलनेला ते लागणारच. लिथियमचा वरचा काळपट थर प्लास्टिकच्या पात्याने खरवडला, फॉइल दोन पॉलिप्रॉपिलीन पत्र्यांमध्ये लाटून सपाट केलं. स्टीलच्या रुळाला लिथियम चिकटतं. जोडल्यावर ६० अंशांवर १२ तास नुसतं ठेवलं. या वेळात मऊ पॉलिमर धातूच्या खाचखळग्यांत बसतो आणि सांध्याचा, म्हणजे फिल्म आणि धातू टेकतात तिथला, रोध अनेक पटींनी उतरतो. ही पायरी गाळलेले सेल पहिल्याच चक्रात वेडेवाकडे वागले.

सुरुवातीची काही चक्रं ०.०२ मिलिॲम्पिअर प्रति चौ. सेंमीवर, मग ०.१ वर, प्रत्येक दिशेला १ तास. व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या थोडं वर स्थिर होतं. नंतर ते एकाएकी ५ पर्यंत उतरलं आणि आलेख चौकोनी, गुळगुळीत झाला. असा आलेख दिसला की आनंद होतो, आणि तिथेच घात होतो. हे मऊ शॉर्ट आहे: लिथियमचा धागा आरपार गेला आहे आणि प्रवाह आयनांऐवजी धातूतून वाहतो आहे. इम्पीडन्स घेतला की त्याच्या आलेखातलं सांध्याचं अर्धवर्तुळ जवळपास नाहीसं झालेलं दिसतं. दर दहा चक्रांनी इम्पीडन्स घेतल्याशिवाय शेकडो तासांच्या स्थिरतेचा दावा करू नये.

शॉर्ट झालेला सेल ६० अंशांवर विश्रांतीला ठेवूनही पाहिला. व्होल्टेज थोडं वर येतं, दोन-चार चक्रांत पुन्हा कोसळतं. पॉलिमर सांधला तरी आत राहिलेला धातूचा धागा त्याने जात नाही.

२४ फेब्रुवारी – सांगाडा

पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड, सुमारे ३० मायक्रोमीटर. सेल्युलोज आणि पॉलिएस्टर मुद्दाम टाळले, कारण दोन्ही लिथियमशी प्रक्रिया करतात आणि कुठेतरी तंतू उघडा राहणारच. टीएचएफ पॉलिप्रॉपिलीनला नीट भिजवतं, ही सोय झाली.

एकदाच दाट द्रावण ओतलं तर वरचा थर सुकून आत पोकळ्या राहतात. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढे ठिपके दिसले, आणि अशी प्रत्येक फिल्म शॉर्ट झाली. चाललेली पद्धत अशी: आधी ५ टक्के द्रावण, व्हॅक्यूमने हवा काढून, सुकवून, पुन्हा तेच, शेवटी १५ टक्क्यांचा थर दोन्ही बाजूंनी. एकूण जाडी ४० मायक्रोमीटर.

कापडामुळे वाहकता २० वरून ८ मायक्रोसीमेन्सवर आली. ऐकायला वाईट वाटतं, पण फिल्म पातळ झाल्याने चौ. सेंमीमागचा रोध आधीइतकाच, २५ अंशांवर ५०० ओहम राहिला. ६० अंशांवर ६७. आणि आता ती दबत नाही. खोलीच्या तापमानाला ०.१ मिलिॲम्पिअरला नुसत्या फिल्ममध्येच ५० मिलिव्होल्ट जातात, म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या ६० अंशांवर.

सांगाडा कापला तर तो सांधत नाही, हे उघड आहे. पण वाकवलेल्या बॅटरीत फिल्म ब्लेडने कापली जात नाही. तिथे बारीक भेगा पडतात आणि धातूपासून ती सुटते. सांधणं तिथे लागतं.

८ मार्च – कॅथोड कोरडा पडला

पीव्हीडीएफने (चिकटवणारा पॉलिमर) बांधलेला लिथियम आयर्न फॉस्फेटचा नेहमीचा कॅथोड, सक्रिय पदार्थ ३ मिलिग्रॅम प्रति चौ. सेंमी, म्हणजे सुमारे ०.५ मिलिॲम्पिअर-तास. त्यावर फिल्म ठेवून चालवला तर १७० च्या सैद्धांतिक क्षमतेतले ग्रॅमला ४० मिलिॲम्पिअर-ताससुद्धा धड मिळेनात. द्रव इलेक्ट्रोलाइट आपण होऊन छिद्रांत जातो, हा जात नाही. फक्त वरचा थर काम करत होता.

सेलच्या आतच मोनोमर एआयबीएनने पॉलिमराइज करण्याचा मार्ग तपासला. एआयबीएन फुटताना प्रत्येक रेणूमागे नायट्रोजनचा एक रेणू सुटतो, आणि बंद सेलमध्ये त्याचे बुडबुडे नेमके सांध्यावर बसतात. तो मार्ग सोडला. ५ टक्के पॉलिमर-मीठ द्रावण कॅथोडवर थेंबथेंब सोडून व्हॅक्यूमने आत ओढलं, सुकवलं, पुन्हा केलं. आता २० तासांच्या दराने १४० च्या आसपास मिळतात. मर्यादा २.५ ते ३.८ व्होल्ट. वर जाऊ नये, इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या ४ व्होल्टच्या जवळ ऑक्सिडाइज होऊ लागतात. निकेलवाले कॅथोड या पॉलिमरसाठी नाहीत.

२२ मार्च – पाउच

कॅथोड ३ × ४ सेंमी, तांब्यावरचं ५० मायक्रोमीटर लिथियम ३.२ × ४.२, इलेक्ट्रोलाइट ३.६ × ४.६. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा हवाच, कडेला उघडं राहिलं की शॉर्ट तिथेच होतो. १ मिलिॲम्पिअर-तास प्रति चौ. सेंमी म्हणजे ४.८५ मायक्रोमीटर लिथियम, त्यामुळे ५० मायक्रोमीटर इथे भरपूर आहे.

सीलिंगची पट्टी १८० अंशांवर लावतात. लिथियम १८०.५ ला वितळतं. पट्टी आणि लिथियम यांत ८ मिमी अंतर ठेवलं, दाब ३ सेकंद. दुसरी अडचण चिकट पॉलिमरची: त्याचा डाग सीलच्या जागी लागला की तिथून हवा शिरते. थर आत सरकवताना सीलची कड टेफ्लॉनच्या पट्टीने झाकून ठेवावी आणि शेवटच्या क्षणी काढावी.

५ एप्रिल – वाकवणं

पाउच ०.४ मिमी जाड. १० मिमी त्रिज्येच्या नळीवर वाकवला तर बाहेरच्या पृष्ठभागावर साधारण २ टक्के ताण येतो (जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट), २० मिमीवर १ टक्का.

आधी तुटलं ते इलेक्ट्रोलाइट नव्हे. टॅबच्या (पाउचमधून बाहेर येणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) मुळाशी ॲल्युमिनियमला चीर पडली आणि तांब्याचं फॉइल मधोमध फाटलं. तांबं लाटलेलं आणि मऊ केलेलं घेतलं, विद्युतविलेपनाचं नको. टॅबच्या मुळाशी पॉलिइमाइड टेपचा आधार दिला आणि टॅब वाकण्याच्या अक्षाला समांतर कडेवर घेतले, म्हणजे जोड वाकतच नाही.

त्यानंतर इलेक्ट्रोलाइटची खरी परीक्षा झाली. लिथियम वाकलं की पुन्हा स्वतःहून सपाट होत नाही, सुरकुती राहते आणि तिथे फिल्म सुटते. २० मिमीवर शंभर वेळा वाकवल्यावर सांध्याचा रोध जवळपास दुप्पट झाला. दोन सिलिकोन पत्र्यांमध्ये हलका दाब देऊन ६० अंशांवर १२ तास ठेवल्यावर तो मूळच्या अगदी जवळ आला. यूपाय नसलेल्या, क्रॉसलिंक केलेल्या (साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या) पेग्माच्या पाउचमध्ये तीच विश्रांती देऊनही रोध वरच राहिला. विश्रांतीच्या वेळी चार्जिंग बंद ठेवावं. फट उघडी असताना प्रवाह उरलेल्या जागेतून दाटतो आणि धागे तिथूनच निघतात.

१० मिमीवर मात्र सुरकुत्या इतक्या खोल पडतात की विश्रांतीने भरत नाहीत. या रचनेची मर्यादा २० मिमी धरावी.

चालू पाउच कात्रीने कापून दिवा लावून दाखवण्याचा प्रकार करू नये. कापल्या जागी लिथियम हवेला आणि ओलाव्याला उघडं पडतं.

१४ एप्रिल – आवराआवर

सेल २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज करून ग्लोव्हबॉक्समध्येच उघडले. लिथियमच्या कातरणी खनिज तेलात. नष्ट करायच्या कातरणी एकेक करून आर्गॉनखाली आयसोप्रोपॅनॉलमध्ये, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी अजिबात नको. आगीसाठी शेजारी ड वर्गाची कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लिथियमवर उपयोगी नाही. खर्चाचा मोठा वाटा लिथियम फॉइल, टीएफएसआय मीठ आणि आयसोसायनेट यांत गेला. फॉइल गोल चकत्यांनी कापल्यावर बरंच वाया जातं, म्हणून पाउचसाठी आयत कापून उरलेल्या पट्टीतून कॉइन सेलच्या चकत्या काढाव्यात.